फूटपाथवर मोटार लावणाऱ्या गृहस्थांस

महोदय,

तुमचे नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे गृहस्थ गल्लोगल्ली आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांना पोचावे अशी माझी इच्छा आहे. तुमची ओळख पटायला तुमची पांढरी मोटार पुरेशी आहे. पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरून आत वळले की फूटपाथवर, झाडाच्या गर्द सावलीत ती उभी असते. ऊन लागू नये म्हणून सावली, पाखरांनी घाण करू नये म्हणून वर आच्छादन, कुणी खेटून जाऊ नये म्हणून पुढेमागे कुंड्या. एवढी जपणूक तुम्ही त्या पत्र्याची करता. ज्यांनी त्या सावलीतून चालायचे ती सत्तरीची माणसे मात्र उन्हात, रस्त्यावर, रिक्षा आणि बसच्या पुढ्यात. जागेची ही वाटणी तुम्ही परस्पर करून टाकलीत. आम्हाला कुणी विचारले नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या गल्लीतली आम्ही दहा-बारा निवृत्त माणसे रोज सकाळी बागेपर्यंत चालत जात असू. तुम्ही आम्हाला पाहिले आहे, कारण आम्ही तुमच्या बाल्कनीखालूनच जायचो. तुमच्या लेखी ते म्हाताऱ्यांचे टोळके होते. ते टोळके काय करत होते ते आज ऐका.

आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात मुलांना गणित शिकवायचे. मुले कुणाची, तर तुमच्या-माझ्या इमारतींचे जिने झाडणाऱ्या, फाटकावर रात्र काढणाऱ्या माणसांची. एक निवृत्त परिचारिका बागेतल्या बाकावर रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसायच्या. गोळ्या मधेच सोडून देणाऱ्यांना त्या असे फैलावर घेत की पुढच्या आठवड्यात माणूस गोळ्यांची पाकिटे दाखवायला आणायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक जण नोव्हेंबर आला की घरोघर जायचे. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण'मधून घरबसल्या देता येतो, पण ऐंशीच्या पुढच्या आजींना ते मोबाइलवर कोण करून देणार? हे करून द्यायचे. बोटांचे ठसे उमटत नसले तर पुन्हा जायचे, चिडायचे नाहीत. आणखी एक आजी भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. पेटी शिकायला त्यांनी सुरुवात केली ती पासष्टीनंतर.

आता यातले बहुतेक सगळे थांबले आहे. मुख्याध्यापक तुमच्या मोटारीला वळसा घालायला फूटपाथवरून खाली उतरले आणि मागून उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीने त्यांना ओझरता धक्का दिला. हाड मोडले नाही, धीर मोडला. ते घराबाहेर पडेनासे झाले आणि सभामंडपातला वर्ग बंद पडला. ती मुले आता त्या वेळी फाटकाशी मोबाइल बघत बसलेली दिसतात. परिचारिकाबाईंच्या गुडघ्यांना ती चढउतार सोसेना. बँकवाल्यांना त्यांच्या मुलाने परदेशातून फोनवर बजावले की बाबा, रस्त्यावर जाऊ नका. एकेक जण असा गळाला. तुम्ही त्यांच्यापैकी कुणालाही हात लावला नाहीत. फक्त मोटार लावलीत.

खाली उतरून दोन पावले पुढे जाऊन परत वर चढायला असे कितीसे कष्ट पडतात, हे तुम्हाला चाळिशीत कळत नसेल तर मी समजावून सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फूटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच असू नये, आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आपल्या गल्लीतली कड त्याहून बरीच उंच आहे, तो दोष तुमचा नाही. पण तुमची मोटार तिथे नसती तर आम्हाला ती कड उतरायची वेळच आली नसती. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिले की नेमकी पायरीची कडच धूसर दिसते. मान आखडलेली असली तर मागून काय येते ते वळून पाहता येत नाही, सगळे अंग फिरवावे लागते. ऐकू कमी येत असेल तर विजेवर चालणारी, आवाज न करणारी दुचाकी अंगावर येईपर्यंत कळत नाही. धरायला कठडा नाही. मोटार संपली की तीच कड पुन्हा चढायची. तुमच्या पुढे आणखी तिघांनी मोटारी लावल्या आहेत, म्हणजे हे सगळे आणखी तीनदा.

आणि पडल्यावर काय होते? पडणे हे जगभरात अनवधानाने झालेल्या दुखापतींतून येणाऱ्या मृत्यूंचे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जीव जाणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. हाडे ठिसूळ झालेल्या बाईचे खुब्याचे हाड मोडायला उंचावरून पडावे लागत नाही. उभ्या उभ्या तोल गेला तरी पुरते. मग शस्त्रक्रिया, मग अंथरूण. निरोगी वृद्ध माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू कमी होतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. ती माणसे आजारी नव्हती, त्यांना फक्त पडून राहायला सांगितले होते. आजारपणातून उठलेल्याचे काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मुख्याध्यापक तुमच्याकडे मोटार हलवायची विनंती करायला आले होते. तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलेत, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही म्हणालात, "काका, या वयात रस्त्यावर कशाला येता? गच्चीवर फेऱ्या मारा की." वर असेही म्हणालात की आम्ही तुमच्या काळजीपोटीच सांगतो.

गच्चीवर वाचनालय आहे का? गच्चीवर भाजीवाली बसते का, जी आपल्या नातवाच्या दहावीचे गुण सांगता सांगता कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकते? गच्चीवर टपाल कार्यालय आहे? व्याख्यान आहे? गणितात अडलेला मुलगा गच्चीवर येतो? पाण्याच्या टाक्यांमधून दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे चुकवत एकट्याने गोल फिरायचे, याला तुम्ही चालणे म्हणता. आम्हाला कुठेतरी जायचे असते. कुणीतरी आपली वाट पाहत असते म्हणून माणूस सकाळी चपला घालतो. ते 'कुणीतरी' काढून घेतले की गच्चीवरच्या फेऱ्या चार दिवसांत बंद पडतात. आमच्या इमारतीत मी हे पाहिले आहे.

डॉक्टरही आता हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी, आणि तोल व ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. डिमेन्शियाबद्दल 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली जो अहवाल दिला, त्यात टाळता येण्याजोग्या १४ कारणांत शारीरिक निष्क्रियता आहे आणि माणसांपासून तुटणेही आहे. दोन्ही गोष्टींवरचा सर्वांत स्वस्त इलाज आमच्या दारात होता. त्याला पैसे लागत नव्हते, यंत्र लागत नव्हते. सलग, सपाट, मोकळा फूटपाथ लागत होता. त्याच्यावर तुम्ही मोटार लावलीत.

तुम्ही ज्या रस्त्यावरून आत वळता त्याला कर्वे रस्ता म्हणतात. ते नाव कुणाचे, हे शाळेत शिकला असाल. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले ते १९१६ साली, म्हणजे निवृत्तीनंतर. खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. समता संघ काढला १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते, आणि गेले ते १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन. नोकरीत असताना हा माणूस हिंगण्याच्या आश्रमापासून फर्ग्युसनपर्यंत पायी येत-जात असे. वाट चिखलाची होती, पण मोकळी होती. त्यांना कुणी म्हटले असेल का, की अण्णा, आता या वयात कशाला, गच्चीवर फेऱ्या मारा? म्हटले असले तरी त्यांनी ऐकले नाही, हे आपले भाग्य. तुमच्या घरातल्या मुली शिकल्या त्यात त्या ऐकून न घेण्याचा वाटा आहे. त्यांच्या नावाच्या रस्त्यालगत निवृत्त माणसाला चालायला जागा उरू नये, ही तुमची कामगिरी.

सगळेच कर्वे नसतात, हे मलाही समजते. पण छोट्या कामांनाही रस्ता लागतो. राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस सहसा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसतो. साठीला पोचलेल्या भारतीयाला सरासरी आणखी अठरा वर्षांच्या आसपास आयुष्य असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे १ कोटी ११ लाखांच्या घरात होती, आज त्याहून कितीतरी जास्त असणार. या माणसांनी अठरा वर्षे काय करायचे? पंख्याकडे बघायचे? या पुण्यात १८४८ पासून नगर वाचन मंदिर आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आहे, आणि तिथे ज्येष्ठांची हजेरी मोठी असते. बागांमध्ये हास्यक्लब आहेत. अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेमुळे पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला २०२२ पासून एस. टी. फुकट आहे, पासष्टीपुढच्याला अर्धे तिकीट आहे. एवढे सगळे असून घराच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतची वाट अडलेली असेल, तर त्या फुकट प्रवासाचा त्या माणसाला काय उपयोग? थांब्यापाशीही तुमचेच भाऊबंद मोटारी लावून ठेवतात. मग बस रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि म्हाताऱ्या बाईला आधी फूटपाथवरून खाली, मग रस्त्यावरून बसच्या उंच पायरीवर चढावे लागते. वाहक ओरडतो, मागच्या मोटारी भोंगे वाजवतात. ती बाई दुसऱ्या दिवशी येत नाही.

तुमची उत्तरेही मला माहीत आहेत, म्हणून ती तुमच्या वतीने मीच मांडते.

तुम्ही म्हणता, लावायला जागा नाही. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तुमच्या नावाची जागा आहे. तिच्यात तुम्ही जुना सोफा, बिघडलेले धुलाईयंत्र आणि मुलाची लहानपणीची सायकल ठेवली आहे. म्हणजे तुमच्या मोडक्या सोफ्याला छत आहे, मोटारीला सावली आहे, आणि परिचारिकाबाईंना जागा नाही.

तुम्ही म्हणता, फेरीवालेही बसतात की, त्यांना बोला. बोलते. पण फेरीवाल्यांचे पोट त्या चार फुटांवर आहे आणि २०१४ च्या कायद्याने त्यांची नोंद, त्यांच्या जागा यांची काहीतरी रीत घालून दिली आहे. शिवाय आम्ही आलो की भाजीवाली टोपली सरकवते, "या आजी" म्हणते, वर कोपऱ्यावर पाणी साचलेय, जपून जा, असेही सांगते. तुमची मोटार सरकत नाही आणि तुम्ही खाली येत नाही.

तुम्ही म्हणता, मी एकटाच लावतो का? नाही. पण पहिली मोटार तुमची होती. तिच्या वजनाने विटा खचल्या. फूटपाथ माणसांच्या पावलांसाठी बांधलेला असतो, त्याच्यावर मोटार चढवली की विटा सैल होतात, गटाराचे झाकण तडकते, पावसाळ्यात तिथे तळे होते. म्हणजे मोटार नसते त्या वेळीही आम्ही तिथून चालू शकत नाही.

आणि तुमच्या वडिलांविषयी. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. तुम्ही त्यांना वाढदिवसाला पावले मोजणारे मनगटी घड्याळ दिलेत, हे त्यांनीच मोठ्या कौतुकाने आम्हाला दाखवले. घड्याळ उत्तम आहे. ते पावले मोजते, नाडी मोजते, झोप मोजते. पण पावले टाकायची जागा तुम्ही मोटारीला दिली, आणि वडिलांना ती मोजायचे यंत्र दिले. ते आमच्याबरोबर थोडे दिवस आले. मुलाच्या मोटारीला वळसा घालून, आम्हा सगळ्यांसमोर रस्त्यावर उतरताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिले आहे. आता ते फाटकापर्यंत येतात आणि परत फिरतात. त्यांनी तुम्हाला एका शब्दाने सांगितले नसणार. ते तसे भिडस्त आहेत, म्हणून मी सांगते.

कायद्याचेही तुमच्या कानावर घालते. मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या नियमांत फूटपाथवर वाहन उभे करायला मनाई आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा पादचाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. २०२२ साली देशात ३२ हजारांहून अधिक पादचारी रस्त्यावर मेले. त्यांना फूटपाथवरून खाली उतरायला कुणी भाग पाडले असेल, याचा विचार किल्ली फिरवताना करा.

याच शहरात वेगळेही घडते. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद झाले, तिथे बाके आली, तेव्हा संध्याकाळी काठी टेकत आलेली माणसे तिथे गप्पा मारत बसलेली मी पाहिली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. त्या दिवशी काही तास वाहने बंद असतात आणि चाकाच्या खुर्चीवरून आलेले आजोबा भर रस्त्यातून फिरतात, दुकाने बघतात, ओळखीचे भेटले की थांबतात. म्हणजे आमच्या पायांत त्राण नाही, आम्हाला घरीच बसायचे असते, हे खोटे आहे. जागा मिळाली की माणसे बाहेर येतात.

तर आता मागणी. तळमजल्यावरचा सोफा भंगारवाल्याला द्या. मोटार आत लावा. कुंड्या उचला. खचलेल्या विटांची तक्रार आम्ही केली आहे, तुमचीही एक सही तिच्यावर करा. मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन त्यांना स्वतः सांगा की वाट मोकळी झाली आहे, उद्यापासून या. ते तुमच्या सांगण्याने येतील की नाही हे मला माहीत नाही, पण सांगायचे काम तुमचेच आहे. येत्या रविवारपर्यंत हे झाले नाही तर त्यानंतर रोज सकाळी तुमच्या मोटारीचा क्रमांकासह फोटो वाहतूक पोलिसांकडे जाईल. आमच्याकडे वेळ भरपूर आहे, तो या कामी लावायला आमची ना नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना एक सांगणे. मुलांनी दटावले म्हणून, एकदा ठेच लागली म्हणून घरात बसू नका. चौघे मिळून निघा, म्हणजे मागून येणारा दुचाकीवाला आपोआप हळू होतो. अडलेल्या वाटेची तक्रार लेखी करा, तिची पोच घ्या, आणि पुन्हा करा. फूटपाथ आपला आहे.

आपली,
तुमच्याच गल्लीतली एक निवृत्त शिक्षिका